दहापैकी चार

गुरुवारी सकाळी ताई आपल्या दोन वर्षांच्या चिमणीला लस टोचून आणायला निघाल्या, तेव्हा त्यांनी केंद्राच्या किल्ल्या, केंद्राचा फोन आणि प्रमुखाचा बिल्ला वकीलबाईच्या, म्हणजे सगळ्यांची उलटतपासणी घेते म्हणून हे नाव पडलेल्या केंद्रातल्या मुलीच्या, हाती सोपवला. कुठे जायचंय हे चिमणीला सांगितलेलं नव्हतं. ती सगळ्यांना हात हलवून टाटा करत होती आणि ते बघून ताईंना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"अकराला आजचे खोटे साहेब येतील," ताई म्हणाल्या. "चहा द्या त्यांना. मी बाराच्या आत येतेच."

"कोण येणार आहेत?" वकीलबाईने विचारलं.

"ते सांगितलं तर सरावाचा उपयोग काय? धुलाई कारखान्याचे खरे साहेब उद्या. आज काय चुका करायच्या त्या करून घ्या."

केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, शेजारी ओट्यापुरती जागा आणि तिला अर्धं दार. तिथे नऊजण यायचे. काहींची शाळा सुटली होती, काहींचं घर सुटलं होतं आणि दोघेजण सुधारगृहातून सुटले होते. सहा महिन्यांत त्यांना कामाला लावायचं आणि तेही खाली मान घालून नाही, तर चार माणसांना पुढे घेऊन जाता येईल असं, हा ताईंचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी दोन नियम केले होते.

पहिला नियम असा की रोज एकजण प्रमुख. त्या दिवशी त्याचा शब्द सगळ्यांनी ऐकायचा, ताईंनीसुद्धा. नऊजणांतला डुलकी नावाने ओळखला जाणारा मुलगा प्रमुख होता त्या दिवशी त्याने दुपारी सगळ्यांना अर्धा तास झोपायचा हुकूम सोडला होता आणि ताईंनी तो तंतोतंत पाळला होता. चिमणी झाल्यापासूनची ती त्यांची पहिली सलग झोप होती.

दुसरा नियम खोट्या साहेबांचा. दर गुरुवारी ताईंच्या ओळखीतलं कुणीतरी कंपनीचे साहेब बनून यायचं आणि मुलाखती घ्यायचं. आतापर्यंत औषधांच्या दुकानाचे मालक, एक दातांचे डॉक्टर, निवृत्त पोस्टमन, ताईंचे मामा असे बरेच साहेब होऊन गेले होते. तुम्ही खोटे आहात असं कुणी तोंडावर म्हटलं तरी साहेबांनी शेवटपर्यंत कबूल व्हायचं नाही, अशी त्यांना ताकीद असे. आणि मुलाखत संपली की मुलांनी साहेबांना दहापैकी गुण द्यायचे, कारणं सांगून. समोरच्याचं काय चुकलं ते त्याला न दुखावता सांगता आलं पाहिजे, असं ताईंचं म्हणणं होतं.

न दुखावता हा भाग वकीलबाईला अजून जमला नव्हता. ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या तीन नोकऱ्या झाल्या होत्या. चपलांच्या दुकानात तिने एका बाईंना सांगितलं की हा जोड तुम्हाला होत नाहीये, तुम्ही पाय कोंबताय. दवाखान्यात "डॉक्टर वाटेत आहेत" असं सांगायचं असताना तिने "डॉक्टर अजून अंघोळीला गेलेले नाहीत" असं सांगितलं, कारण डॉक्टरांच्या बायकोने फोनवर तेच सांगितलं होतं. तिसरी नोकरी दुपारपर्यंत टिकली.

चौथी मिळवणं आणि टिकवणं भाग होतं. तिची अकरा वर्षांची धाकटी बहीण मुलींच्या वसतिगृहात होती. मोठ्या बहिणीचं वय पुरं असेल, राहायला खोली असेल आणि हातात पक्क्या नोकरीचं पत्र असेल, तर धाकटीला घरी पाठवू, असं वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं होतं. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. वय होतं. खोली कालच मिळाली होती. पत्राची जागा रिकामी होती.

म्हणून ताईंनी तिला एक युक्ती शिकवली होती. "खऱ्या साहेबांसमोर तोंड उघडायच्या आधी मनात एक ते पाच मोजायचे. पाचाला पोचेपर्यंत जे बोलावंसं वाटेनासं होईल, ते बोलायचं नव्हतंच असं समज."

बरोबर अकराला दार लोटून एक गृहस्थ आत डोकावले. बाह्या दुमडलेला शर्ट, खिशावर शाईचा डाग, हातात हेल्मेट.

"येऊ का?" त्यांनी विचारलं. "मी धुलाई कारखान्यातून आलोय. मॅनेजर."

"हो ना," वकीलबाई म्हणाली आणि नऊच्या नऊजण समजुतीने हसले. "या. पण एक मिनिट काका. एकदा बाहेर जाऊन परत या."

"का?"

"तुम्ही 'येऊ का' विचारलंत. मॅनेजर विचारत नाहीत. दार ढकलतात आणि इथला पंखा कुणी बंद केला म्हणतात."

गृहस्थ क्षणभर दारातच उभे राहिले. आदल्या दिवसापासून त्यांचा बॉयलर कुरकुरत होता, दोन हॉटेलांच्या चादरी ओल्या पडल्या होत्या आणि जो तो त्यांनाच आता काय करायचं म्हणून विचारत होता. इथे निदान काय करायचं ते कुणीतरी ठामपणे सांगत होतं. ते बाहेर गेले आणि दार ढकलून परत आले.

"आता बरं," वकीलबाई म्हणाली. "बसा. सुरू करा."

डुलकी तिच्या कानाशी लागला. बावीस वर्षांचा, अंगाने दांडगा आणि कुठेही उभ्या उभ्या झोपू शकणारा गडी. "कपड्यांना साबणाचा वास येतोय गं. खरे तर नसतील?"

"खरे असते तर रागावले नसते का? वासाची कल्पना चांगली आहे. त्याचा एक गुण देऊ."

साहेबांनी घसा साफ केला. "आधीच्या नोकऱ्या का सुटल्या तुमच्या?"

"खरं बोलल्यामुळे," वकीलबाई म्हणाली, आणि चपला, डॉक्टर, अंघोळ सगळं सविस्तर सांगितलं. आज मोजायची गरज नव्हती. "आता माझा प्रश्न. तुमच्याकडे माणसं टिकतात का?"

"निम्मी तीन महिन्यांत जातात."

"का?"

"उकाडा. इस्त्रीच्या खोलीत फार तापतं."

"तुम्ही किती वेळ बसता त्या खोलीत?"

"माझी केबिन वर आहे."

"मग माणसं उकाड्यानेच जातात हे तुम्हाला कोण म्हणालं?"

"मुकादम म्हणाला."

"आणि मुकादमामुळे जात असतील, तर ते कोण सांगणार?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं, छोट्या वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. वकीलबाईने ते टिपून ठेवलं. खोट्या साहेबांपैकी खरोखर लिहून घेणारे हे पहिलेच होते.

शेवटी तिने गुणांचा कागद हातात घेतला आणि उभं राहून वाचला. "साबणाचा वास, एक. लिहून घेतलं, एक. कारखान्याची माहिती मिळवून आलात, दोन. एकूण दहापैकी चार. येताना घाबरलात. घड्याळाकडे सात वेळा बघितलंत. माणसं का जातात ते माहीत नसताना माहीत असल्यासारखं सांगितलंत. सुधारायला वाव आहे."

"चार," साहेब म्हणाले.

"पोस्टमनकाकांना तीन मिळाले होते."

"हे बघा, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी खरंच मॅनेजर आहे."

"सगळे असंच म्हणतात," वकीलबाई मायेने म्हणाली. "आता नाही म्हणालात तरी चालेल, मुलाखत संपली."

एवढ्यात जिन्यावर बूट वाजले. दार धाडकन उघडलं आणि कोट, टाय, चामडी बॅग आणि चकाकणारे बूट असा एक पुरुष आत येऊन हॉलच्या मधोमध उभा राहिला.

"धुलाई कारखाना," तो छातीतून बोलला. "मॅनेजर. इथला पंखा कुणी बंद केला?"

नऊजण ताडकन उठले. आजचे खोटे साहेब तर येऊन बसले होते. एका दिवशी दोन खोटे साहेब कधीच येत नसत. म्हणजे हे खरे होते आणि एक दिवस आधीच आले होते. वकीलबाईने कोपऱ्यात जाऊन ताईंना फोन लावला. पलीकडे चिमणीने दवाखाना डोक्यावर घेतला होता.

"ताई, साहेब आलेत."

"आले ना? मग घ्या की मुलाखत," ताई रडण्याच्या वर आवाज चढवून ओरडल्या. "नाही गं राणी, झालं, झालं. मी निघालेच." आणि फोन बंद झाला.

वकीलबाईने हेल्मेटवाल्या गृहस्थांचा दंड धरला आणि त्यांना अर्ध्या दाराकडे नेलं. "काका, तुम्ही जरा आत थांबा. खरे साहेब आलेत. आम्ही इथे नाटकं करतो असं वाटेल त्यांना."

"अहो पण, खरा तर मी..."

"काका, आता नको ना." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे पत्र मिळालं तर माझी बहीण घरी येणार आहे. अकरा वर्षांची आहे. महिनाअखेरपर्यंतच मुदत आहे. थोडाच वेळ थांबा."

गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं आणि निमूटपणे आत गेले. चहा ठेवायला आत आलेल्या डुलकीने त्यांच्या हातात कप विसळायला दिले. रिकामं कशाला बसायचं, असा केंद्राचा शिरस्ता होता.

बाहेर खुर्चीत बसलेले ते ताईंचे धाकटे दीर. गणपतीतल्या नाटकांतून राजांची कामं करण्याची त्यांना हौस होती, आणि वहिनीने मॅनेजर व्हायला सांगितल्यापासून त्यांना झोप नव्हती. कोट भाड्याने मिळवण्यात त्यांचा पाऊण तास गेला होता. मुलांनी त्यांना यापूर्वी पाहिलेलं नव्हतं.

"सांग," ते म्हणाले, "चादर म्हणजे काय?"

वकीलबाईने पाठीमागे हात नेला आणि बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. "तुम्ही सांगाल ते, साहेब."

"चादर म्हणजे कारखान्याची इज्जत."

पाच बोटं. "हो साहेब."

"मुकादम ओरडला तर काय करशील?"

"ऐकून घेईन, साहेब."

"शाब्बास. आता नीट ऐक. माझ्या कारखान्यात रक्ताचा डाग पडला की चादर सरळ उकळत्या पाण्यात. बरोबर ना?"

रक्ताचा डाग उकळत्या पाण्यात घातला तर तो जन्माचा बसतो, हे केंद्रातले सगळे महिनाभर चादरी धुऊन शिकले होते. वकीलबाईने पाच मोजले. मग पुन्हा पाच मोजले. तिच्या डोळ्यांसमोर धाकटीची पत्र्याची पेटी आली.

"हो साहेब," ती म्हणाली.

अर्ध्या दारामागे कप आपटल्याचा आवाज आला.

"निवड झाली," दीर उभे राहून म्हणाले. इतकी नम्र मुलगी त्यांनी नाटकातही पाहिली नव्हती. "उद्यापासून ये."

"साहेब, पत्र मिळेल का? पक्क्या नोकरीचं?"

पत्राचं वहिनीने काही सांगितलं नव्हतं. पण भूमिका अर्धवट सोडणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी वहीचं पान फाडलं, "सदर मुलीस सर्व चादरींची प्रमुख नेमण्यात येत आहे" असं लिहिलं आणि खाली वळणदार सही ठोकली. वकीलबाईने कागद दोन्ही हातांनी घेतला. तो चुरगळू नये म्हणून ती बोटंही नीट मिटत नव्हती. आत डुलकी शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

त्याच वेळी ताई दारात आल्या. चिमणीच्या मांडीवर पट्टी होती, गालांवर वाळलेले ओघळ होते आणि जगावरचा तिचा विश्वास उडालेला होता. तिने हॉलभर नजर फिरवली. कोटवाल्या साहेबांवर ती थांबली आणि तिचा चेहरा उजळला.

"घोडा," चिमणी म्हणाली.

साहेब जागच्या जागी चुळबुळले.

"घोडा," तिने हात पुढे केले आणि ओठ काढला.

लस टोचून आलेल्या पुतणीला नाही म्हणणं त्यांच्याच्याने झालं नाही. धुलाई कारखान्याचे मॅनेजर टाय खांद्यावर टाकून सतरंजीवर ओणवे झाले. चिमणी पाठीवर बसली आणि तिने भाड्याच्या कोटाची कॉलर धरली.

"भावजी, मुलाखत झाली का?" ताईंनी विचारलं.

"झाली की वहिनी," घोडा खालून म्हणाला. "निवडसुद्धा केली."

वकीलबाईने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग तिने त्याची अगदी नीट, कडेवर कड आणून चौपदरी घडी घातली, चादरीची घालतात तशी, आणि तो खिशात ठेवला.

अर्धं दार उघडलं. खांद्यावर फडकं टाकलेले, कोपरापर्यंत ओले हात घेऊन गृहस्थ बाहेर आले. ताईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"साहेब, तुम्ही? तुम्ही उद्या येणार होतात ना?"

"उद्या बॉयलरची तपासणी आहे. म्हणून आज येतो असा कालच फोन केला होता. कुणीतरी जांभई देत घेतला."

सगळ्यांच्या माना डुलकीकडे वळल्या.

"मी लिहून ठेवलं होतं, म्हणून तर विसरून गेलो," डुलकी कळवळून म्हणाला. "टेबलावरच्या कागदावर. निळ्या पेनाने. खाली दोन रेघासुद्धा मारल्या होत्या."

ताई हळूहळू कपाटाकडे वळल्या. कपाटाच्या दारावर काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी एक चित्र चिकटवलं होतं. चिमणीने काढलेला पहिला हत्ती, ज्याला पाच पाय होते आणि जो बघून त्यांना भरून आलं होतं. त्यांनी एका बाजूची चिकटपट्टी सोडवली आणि कागद उलटला. मागे दोन रेघांसकट सगळा निरोप होता.

"माझा हत्ती," घोड्यावरून चिमणी म्हणाली. ताईंनी तो तसाच परत चिकटवला.

वकीलबाई पुढे आली. तिचा हात पाठीमागे होता आणि बोटं चालली होती. "साहेब, तुमचे ते चार गुण..."

"राहू द्या."

"वाढवून देऊ का?"

"अजिबात नको. आणि मोजणं थांबवा आधी. रक्ताचा डाग कशात घालायचा?"

"थंड पाण्यात. मीठ टाकून. उकळत्यात घातला तर चादर फेकावी लागते."

"मग मघाशी हो का म्हणालात?"

"ते खरे होते ना."

"आणि मला जे काय ऐकवलंत?"

"तुम्ही खोटे होतात," वकीलबाई म्हणाली. एवढं झाल्यावर आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

साहेबांनी खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. "हो साहेब म्हणणारी चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. चाळीसच्या चाळीस म्हणतात की उकाडा आहे." ते खुर्चीत बसले. "डाग निवडायच्या टेबलावर सहाजण असतात. ते टेबल तुम्ही बघायचं. मुकादमाशी पटणार नाही तुमचं."

"नाहीच पटणार."

"पटलं तर मात्र मला येऊन सांगा. म्हणजे काहीतरी बिघडलंय असं समजेन."

बाकीच्यांच्या मुलाखती जेवणानंतर रीतसर झाल्या. चौघांना काम मिळालं. डुलकीला रात्रपाळी मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात असं दिसून आलं की तो झोपाळू नव्हताच. त्याचं घड्याळच तेवढं उलटं होतं. दिरांना कुणी गुण दिले नाहीत म्हणून ते दोन दिवस घुश्शात होते. शेवटी मुलांनी सात दिले. उकळत्या पाण्याचे तीन कापले.

महिना संपायला चार दिवस असताना वसतिगृहाच्या बाईंनी वकीलबाईचा अर्ज उघडला. पत्र पक्कं होतं, शिक्का होता. सोबतच्या फॉर्मवर "अर्जदाराचा स्वभाव" या रकान्यात मॅनेजरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: खरं बोलते. सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं, खोली कशी आहे?"

वकीलबाईने बोटं मोजली नाहीत. "लहान आहे. खिडकीतून भिंत दिसते. पण दाराला आतून कडी आहे आणि बाथरूम आमचं आमचं आहे."

बाईंनी सही केली.

धाकटी पत्र्याची पेटी घेऊन संध्याकाळी खोलीत आली. तिने खिडकी उघडून भिंत पाहिली, नळ सोडून पाहिला, पलंगावर बसून दोनदा उसळून पाहिलं.

"दहापैकी किती?" वकीलबाईने विचारलं.

"चार," धाकटी म्हणाली. "उशी चांगली आहे."

वकीलबाईने मनात एक ते पाच मोजले. मग दोरीवरून वाळलेली चादर ओढली, दोन टोकं धाकटीच्या हातात दिली, दोन आपण धरली आणि दोघी एकमेकींकडे चालत आल्या. धाकटीच्या बाजूची घडी चांगली चार बोटं वाकडी आली होती, आणि हे तिला लगेच सांगण्यात आलं.